वेलीला नंबर आहे

मी रेणापूरचा. आमच्याकडं सोयाबीन अन् ऊस; द्राक्ष दिसतं ते बाजारातल्या तराजूत. गेल्या ऑक्टोबरात सोयाबीनची रास उरकली आणि पोटासाठी दिंडोरीकडं छाटणीला गेलो.

बागेत एक खांब होता. पान किती तास ओलं राहिलं, मातीत ओल किती, हे तो मोजतो आणि मालकाच्या मोबाइलवर सांगतो: डाऊनी येणार. खांबावर माझा राग नाही. अंदाजानं आठ फवारे मारण्यापेक्षा हिशेबानं चार मारले तर माझ्याच छातीत कमी जाईल. यंत्राला शिव्या देणारे आपण नव्हे.

निर्यातीच्या द्राक्षाला 2006 पासून अपेडाचं ग्रेपनेट आहे. बागेला नंबर. पेटी युरोपात उघडली तरी ती कुठल्या बागेची ते कळतं. कित्येक औषधांची तिथली मर्यादा किलोमागं 0.01 मिलिग्रॅम. 2010 साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला, माल अडला, सरकार धावलं. वाइनच्या टाकीचंही तसंच. पारा चढला की संगणक बोंब मारतो. त्याच टाकीत उतरून चोथा उपसणाऱ्याला आतला वायू गुदमरवू शकतो, हे टाकीच्या पाऱ्यात दिसत नाही.

आणि आमचे हात? छाटणीनंतर काडीच्या डोळ्याला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. कातडी सोलते. वर दारूचा घोट घेतला तर तोंड लालभडक, छाती धडधडते, माणूस आडवा. (वाइन पिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नाही.) 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना 20 हून जास्त माणसं मेली. द्राक्षातलं विष मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता, मग फवारणाऱ्याच्या रक्तातलं का नाही मोजत?

कारण नोंद सुरू होते सातबाऱ्यापासून. 2021 ची ई-पीक पाहणी घ्या, आताचा शेतकरी ओळख क्रमांक घ्या, आधी जमीन दाखवा. दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातले, आंबे गावचे. भूमिहीनांच्या जमिनीसाठी त्यांनी 1959 ला अन् 1964 ला तुरुंग भरवले. मराठवाड्यात गायरान कसणारी कित्येक घरं अजून त्या कागदासाठी तहसिलीचे उंबरे झिजवतायत. कागद नाही तर संगणकाला माणूस नाही.

ग्रेपनेटच्या नोंदीत फवारणाऱ्याच्या नावाचा एक रकाना पाहिजे, अन् हंगामाआधी-नंतर त्याच्या रक्ताची तपासणी. खर्च मालाच्या भावात धरा.

ज्यांनी बागेत राबलंय त्यांनी लिहून पाठवा: कुठलं औषध, किती तास, हातमोजे दिले का. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढचा अंक त्याच कागदांचा.