दुधाचे दात पडणार असले, तरी किडू देऊ नका

आज रात्री मूल झोपायला आलं की त्याला उजेडात मांडीवर आडवं घ्या. वरचा ओठ अंगठ्यानं हळूच उचला आणि समोरचे दात हिरडीला टेकतात तिथं नीट बघा. खडूनं ओढल्यासारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का? कीड बहुधा अशीच सुरू होते. तेव्हा दुखत नाही, खड्डा नसतो, मूलही काही सांगत नाही. म्हणून ती आपणच शोधायची. ही रेघ वेळीच सापडली तर दात पुन्हा घट्ट होऊ शकतो. पुढे ती पिवळी, मग तपकिरी होते, दात भुसभुशीत होऊन खड्डा पडतो. पडलेला खड्डा मात्र कितीही घासलं तरी भरून येत नाही.

‘दुधाचेच दात आहेत, पडतीलच की’ असं घरोघरी म्हणतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला आणखी सात-आठ वर्षं चावायचं असतं. दुधाच्या दातावरचा इनॅमलचा थर पातळ असल्यामुळे कीड लवकर दाताच्या आतल्या नसेपर्यंत जाते. मग रात्रीची रडारड, एकाच बाजूनं चावणं, जेवणाची टाळाटाळ. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो किंवा अडकतो. मुळाशी पू झाला, तर त्या तयार होणाऱ्या दातालाही इजा होऊ शकते.

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवतं. लाळ हे नुकसान भरून काढत असते, पण तिला सवड मिळाली तर. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. जेवणाबरोबर खाल्लेल्या एका पेढ्यापेक्षा दिवसभर हातात फिरणारा बिस्किटाचा पुडा दातांना जास्त छळतो. झोपेत लाळ कमी होते. दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाचे वरचे समोरचे दात आधी किडतात. खालचे जिभेच्या आड आणि लाळेत असल्यानं बरेचदा वाचतात.

घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बाटली घेऊन झोपवू नका. बाटली हवीच असेल तर त्यात फक्त पाणी. चोखणीला मध-साखर लावू नका. अंगावरचं दूध तोडायची गरज नाही, पण रात्री निजण्यापूर्वी दात स्वच्छ करा. पहिला दात दिसला की घासणं सुरू करा, सकाळी आणि रात्री, फ्लोराइडच्या पेस्टनं. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. घेताना वेष्टन वाचा. फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास हवं. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असतं किंवा नसतंच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टबद्दल आधी दंतवैद्याला विचारावं. मशेरी मुलाच्या दाताला कधीही लावू नका, ती तंबाखूच आहे. आणि ब्रश मुलाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत दात आईवडिलांनी किंवा आजी-आजोबांनी घासून द्यायचे.

रेघ किंवा डाग दिसलाच तर घाबरू नका, पण थांबूही नका. नुसती पांढरी रेघ असेल, तर डॉक्टर दातांवर फ्लोराइड वार्निश लावतात. काही मिनिटांचं काम, ना सुई ना मशीन. ते तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. खड्डा पडला असेल आणि कीड नसेपर्यंत गेली नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यानं किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच समजून घ्या. दिसायला तो डाग खटकेल, पण काळा आणि टणक झालेला भाग म्हणजे थांबलेली कीड. काही वेळा मऊ भाग हातानं खरवडून काढून त्यात सिमेंट भरतात, तेव्हाही मशीन लागत नाही. दाढ जास्त किडली असेल तर स्टीलची कॅप बसवतात, नसेपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दाढेचीही नस साफ करून ती वाचवता येते. जितका उशीर, तितकं दुखणं आणि खर्च जास्त. हिरडीवर पुवाची पुळी, गालाला सूज किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखऱ्या दाढेत गोळी कोंबू नका, हिरडी भाजते.

पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीडही तपासली जाते. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा तरी दंतवैद्याला दाखवा. दुखेपर्यंत वाट पाहू नका. दुखायला लागतं तेव्हा सोप्या उपचारांची वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते.