‘रोजा लागला’ म्हणण्यापूर्वी

रमजानमध्ये दुपारचे चार वाजले की घरातून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अब्बांना आज रोजा लागलाय.’ विट्याच्या उन्हात तहानेने माणूस गळून जातो, डोके धरते, थोडे पडून राहिले की इफ्तारपर्यंत निभावते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण अब्बांना मधुमेह असेल, सहेरीला त्यांनी नेहमीची गोळी घेतली असेल आणि आता हात थरथरत असतील, दरदरून घाम सुटला असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तर तो रोजा नव्हे. रक्तातील साखर घसरते आहे. अशा वेळी ‘झोपू द्या त्यांना’ म्हणणे सर्वांत धोक्याचे.

दोष गोळीचा नसतो, तिच्या वेळेचा असतो. ग्लिमेपिराइडसारखे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, ते पाहत नाही. तेरा तासांच्या आसपास अन्नपाणी नाही आणि गोळीचे काम मात्र चालूच. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. त्याचा त्रास म्हणजे मळमळ, गॅस, जुलाब. पण आपल्याकडे ही दोन्ही औषधे अनेकदा एकाच गोळीत असतात आणि घेणाऱ्याला ती फक्त ‘साखरेची गोळी’ म्हणून ठाऊक असते. त्यात काही जण दिवसभराची कसर म्हणून सहेरीलाच दोन गोळ्या घेतात. २००१ साली भारतासह १३ देशांत झालेल्या पाहणीत टाइप-२ मधुमेहींमध्ये साखर धोकादायक उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट झाल्याचे आढळले होते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी तर धडधड आणि थरथर दबून जाते. खूण म्हणून उरतो तो घाम.

दुष्परिणाम म्हटले की माणसे दोन टोके गाठतात. एक तर पाकिटातला बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद कोणाकडून तरी वाचून घेऊन औषधच बंद, नाहीतर काहीही झाले तरी ‘गरम पडले असेल’ म्हणून गप्प. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. त्रास आहे, पण पुढच्या भेटीत सांगून गोळी बदलून घेता येते. त्यासाठी महिनाभर रक्तदाबाची गोळी सोडणे महागात पडते. उलट गोळीनंतर ओठ, जीभ, चेहरा सुजू लागला, दम लागला, तर मगरिबच्या अजानची वाट पाहायची नसते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातले पाणी कमी होते. तरावीहमध्ये सजद्यातून उठताना अंधारी आली तर तिचेही कारण तेच असू शकते.

विट्यात यंत्रमागावर रात्रपाळी उभ्याने काढणाऱ्यांची कंबर आणि गुडघे धरलेलेच असतात. मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेली डायक्लोफिनॅकची गोळी खिशात असते. तहानलेल्या शरीरावर आणि रिकाम्या पोटावर तीच गोळी रोज पडली तर मूत्रपिंडावर ताण येतो, जठरात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच ही त्याची खूण. ती ‘पित्त’ म्हणून घरी थोपवू नये.

हे टळत का नाही? कारण रोजेदार डॉक्टरांना सांगतच नाही. ते रागावतील, रोजा धरू देणार नाहीत ही भीती. डॉक्टरही विचारत नाहीत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या मावशी आणि निर्जळी एकादशी करणारे काका यांचेही काही वेगळे नाही. खरे तर आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये दिली आहे. बरे झाल्यावर कजा करावी आणि कायमचा आजार असेल तर फिदिया द्यावा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. सवलत नाकारून जीव पणाला लावण्यात कसली इबादत?

रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन एवढेच विचारावे: कोणती गोळी इफ्तारला, कोणती सहेरीला, कोणती कमी आणि कोणती बंद. औषधाने त्रास झालाच तर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कोणती गोळी, कधीपासून, काय झाले, हे सांगावे लागते. म्हणून गोळ्यांचे रिकामे पाकीट लगेच फेकू नये.

सहेरी-इफ्तारच्या वेळांची पत्रके दरवर्षी वाटली जातात, घरोघरी भिंतीवर लागतात. त्यांच्या तळाशी एक ओळ सहज मावेल: साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा.