गणवेश टोचतो, मूल हट्टी नव्हे

जूनमध्ये माझगावात घरोघरी रडारड ऐकू येते, "हा शर्ट टोचतो!" दोष बहुधा कापडाचा असतो. जास्त पॉलिस्टरचे कापड टिकते, लवकर वाळते. पण घाम शोषत नाही. त्यात कॉलरला ताठ बकरम, मानेशी लेबल!

सरकारने २०२४ साली सरकारी शाळांसाठी राज्यभर एकच गणवेश आणला. डिसेंबरात अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे गेला. खासगी शाळांनीही रंग व नमुना तेवढा ठरवावा, दुकान नव्हे. मंगळदास मार्केटमधून सुती मिश्रणाचे कापड आणले, तर मदनपुऱ्यातला कारागीर ते शिवून देईल. मात्र कारागीर बंधूंनीही आतली शिलाई झाकावी, कमरेला इलॅस्टिक घालावे, दुमडीत दोन इंच कापड राखावे. मग गणवेश दोन वर्षे चालेल. गिऱ्हाईक तुटेल ही भीती नको. धाकटे भावंड आहेच!