परक्या मुळावरची आपली द्राक्षे



उत्तर सोलापुरातले नान्नज असो की पंढरपूर तालुक्यातले कासेगाव, द्राक्षाच्या बागेत शिरलात की एकदा खाली वाकून वेलीच्या बुंध्याकडे पाहा. जमिनीपासून फूट-दीड फुटावर खोडाला एक गाठ दिसेल. गाठीच्या वर आहे ते आपल्या चांगल्या ओळखीचे. थॉमसन, माणिक चमन, शरद, किंवा नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडून काढलेले सोनाका. गाठीच्या खाली जे आहे त्याला आपण नुसते ‘खुंट’ म्हणतो, फार तर ‘डॉगरिज’ म्हणतो आणि पुढे जातो. त्याचा घड बाजारात जात नाही, त्याचे कौतुक कोणी करीत नाही. पण वैशाखात बोअरचे पाणी मचूळ होऊन अर्ध्यावर येते, तेव्हा बाग तग धरते ती या खुंटाच्या जिवावर.

कित्येक शेतकरी विचारतात, “साहेब, आधी खुंट लावा, तो वाढवा, मग त्यावर कलम बांधा, एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या वडिलांनी थॉमसनची काडी थेट जमिनीत लावली होती, ती काय आली नाही?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज एका माणसाच्या चरित्रातून देतो. हा माणूस जर्मनीत जन्मला, अमेरिकेत जाऊन शेतकरी झाला, लढाईत फौजेत गेला आणि परत येऊन पुन्हा बागेत राबला. नाव जॉर्ज हुस्मान. त्याने सोलापूर कधी पाहिले नाही, पण आपल्या बागेतल्या त्या गाठीशी त्याचे नाते आहे.

हुस्मान यांचा जन्म १८२७ साली उत्तर जर्मनीतील मायेनबुर्ग गावी झाला. वडील शाळामास्तर. त्या काळी जर्मनीतून माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला जात. फिलाडेल्फिया शहरातल्या जर्मनांनी एक मंडळी काढली होती. आपली भाषा, आपले रीतिरिवाज टिकतील असे नवे गाव पश्चिमेकडे वसवायचे, असा तिचा बेत. मास्तरांनी त्या मंडळीचे भाग घेतले आणि बिऱ्हाड हलवले. १८३७ साली मिसुरी नदीच्या काठी गाव वसले, नाव ठेवले हर्मन.

लोक तिथे पोचले तेव्हा जमीन निघाली खडकाळ, नुसती चढउताराची टेकाडे. गव्हा-मक्याला नांगर धरायचा तर बैलांचे पाय घसरायचे. माणसे हिरमुसली. पण गावच्या कारभाऱ्यांनी विचार केला, की अशा उतारावर पाणी साचत नाही, इथे वेल येईल. १८४४ च्या सुमारास त्यांनी द्राक्षे लावणारांसाठी जमिनीचे तुकडे बिनव्याजी हप्त्यांनी विकायला काढले. हुस्मान यांनी वडिलांच्या जमिनीवर पहिली बाग लावली ती १८४७ साली, विशीतच. मधे दोन वर्षे सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला जाऊन आले. मेहुणे वारल्यावर त्यांचे शेत सांभाळायला १८५२ साली परतले, आणि मग द्राक्षाला धरून राहिले. त्यांची द्राक्षे वाइनसाठी होती. आपल्या माळकरी मुलखात ती खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकतात. पण वेलीचे शास्त्र दोन्हीकडे एकच.

आता लावायची कोणती वेल? युरोपातून नेलेल्या वेली अमेरिकेच्या मातीत चार-दोन वर्षांत मरत. थंडी म्हणा, बुरशी म्हणा, पण मुळाशी आणखीही काहीतरी होते, ते तेव्हा कोणाला उमगले नव्हते. हर्मनच्या लोकांनी तिथलीच कटाबा नावाची जात लावली. पहिली काही वर्षे सोन्याची गेली, मग घड सडू लागले. तेव्हा व्हर्जिनियातून आलेली नॉर्टन नावाची बारीक, काळसर मण्यांची जात पुढे आली. पूर्वेकडच्या नामांकित बागाईतदारांनी ती कुचकामी ठरवली होती. हर्मनच्या शेतकऱ्यांनी कोणाच्या शब्दावर न जाता ती आपल्या ओळीत लावून पाहिली, आणि ती टिकली. परदेशातून आलेल्या या माणसांनी माहेरच्या वेलीचा हट्ट सोडला आणि ज्या मातीत राहायचे, त्या मातीची वेल जवळ केली. पुढचे सगळे यातूनच घडले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेकडची राज्ये गुलामगिरी टिकवायला फुटून निघाली. मिसुरीतही गुलामगिरी होती, पण तिथले बहुतेक जर्मन संघराज्याच्या बाजूने उभे राहिले. त्या युद्धात संघराज्याच्या फौजेत जर्मनीत जन्मलेले सुमारे २ लाख सैनिक होते. हुस्मान चौथ्या मिसुरी पायदळ पलटणीत लेफ्टनंट झाले. काम क्वार्टरमास्टरचे, म्हणजे दाणागोटा, कपडालत्ता, वाहने यांचा हिशेब ठेवून पलटण उभी ठेवायचे. १८६५ साली मिसुरीची घटना नव्याने करायला सभा भरली, तिच्यात ते आपल्या भागाचे प्रतिनिधी होते. त्याच सभेने जानेवारीत मिसुरीतील गुलामगिरी रद्द केली.

लढाईहून आलेला हा शेतकरी मग लिहू लागला. १८६६ साली त्यांनी अमेरिकेच्या देशी द्राक्षांच्या लागवडीवर पुस्तक काढले. १८६९ पासून द्राक्षशेतीला वाहिलेले एक मासिक चालवले, ते सुमारे तीन वर्षे चालले. याच काळात भागीदारीत एक मोठी द्राक्ष कंपनी काढली, ती बुडाली. हातात शिल्लक राहिले ते ज्ञान आणि काड्या. १८७२ साली त्यांनी सेडेलिया गावी रोपवाटिका मांडली.

इकडे फ्रान्समध्ये आभाळ कोसळले होते. १८६३ च्या सुमारास दक्षिणेत काही बागा कारण नसताना सुकू लागल्या. पाने पिवळी, वाढ खुंटलेली, तिसऱ्या वर्षी वेल खलास. १८६८ साली प्लांशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी जिवंत वेलीची मुळे उकरली, तेव्हा मुळांवर पिवळट, माव्यासारखे बारीक किडे सापडले. हीच फायलोक्झेरा. ती मूळची अमेरिकेची. अमेरिकेतून हौसेने आणलेल्या मुळासकट वेलींबरोबर ती समुद्र ओलांडून गेली होती. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ८ कोटी हेक्टोलीटरहून अधिक वाइन झाली, ती १८८९ मध्ये अडीच कोटीच्या खाली आली. गावेच्या गावे उठली. सरकारने उपाय सांगणाऱ्याला ३ लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. कोणी बागा पाण्यात बुडवून ठेवल्या, कोणी जमिनीत औषधाच्या पिचकाऱ्या मारल्या, कोणी वेलीखाली जिवंत बेडूक पुरले.

खरा इलाज सापडला तो जिथून रोग आला तिथेच. मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी ओळखले, की अमेरिकेच्या रानवेली या किडीबरोबर पिढ्यान् पिढ्या वाढल्या आहेत. कीड मुळाला डसली की त्या जखमेभोवती बुचासारखा थर धरतात आणि जगतात. युरोपच्या वेलीला ही विद्या नाही. मग मूळ अमेरिकेचे आणि वर फांदी युरोपची, असे कलम बांधायचे ठरले. १८७३ साली प्लांशाँ स्वतः अमेरिकेला येऊन पाहून गेले. त्यानंतर हुस्मान, इसिडोर बुश, हर्मन येगर या मिसुरीच्या रोपवाटिकावाल्यांनी लाखो काड्या फ्रान्सला पाठवल्या. तिघेही युरोप सोडून आलेले. ज्या भूमीने त्यांना सामावून घेतले तिच्या मुळांनी त्यांनी जुन्या मायभूमीच्या बागा उभ्या केल्या. मोंपेलिए शहराच्या कृषिविद्यालयात एक शिल्प आहे. थकलेल्या म्हातारीला एक तरणी पोर आधार देते आहे. म्हातारी युरोपची वेल, पोर अमेरिकेची.

गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पुढेच आहे. पहिले खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडले. किडीला पुरून उरले, पण मातीपुढे हरले. म्हणून १८८७ साली पिएर व्हियाला हे फ्रेंच शास्त्रज्ञ पुन्हा अमेरिकेला गेले. टेक्सासमध्ये मन्सन नावाच्या बागाईतदाराने त्यांना चुनखडीत वाढणाऱ्या रानवेली दाखवल्या. त्या वेलींच्या रक्तातून पुढे ११० आर सारखे खुंट निघाले. आणि आपला डॉगरिज हाही मन्सन यांनीच टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला. मिसुरीच्या वाटेने सुरू झालेला हा प्रवास शंभर वर्षांनी आपल्या बांधावर येऊन पोचला.

हुस्मान १८७८ साली मिसुरी विद्यापीठात फळबागांचे प्राध्यापक झाले. १८८१ साली कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात गेले. तिथेही फायलोक्झेरा पोचली होती, म्हणून तिथेही त्यांनी टिकणारे खुंट लावायला घेतले. १९०२ साली नापातच वारले. मोठी इस्टेट काही केली नाही. पण लावलेले आणि लिहिलेले मागे राहिले.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या वडिलांची थेट लावलेली काडी आली, हे खरे. तेव्हा विहिरीचे पाणी गोडे होते आणि जमिनीत मीठ साचले नव्हते. आपल्याकडे खुंट आला तो फायलोक्झेरासाठी नव्हे. १९९० नंतर तो पसरला तो पाणीटंचाई आणि खारवटलेल्या जमिनी-पाण्यामुळे. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खोल बोअर, चुनखडीची जमीन अशा सोलापुरात नवी बाग थेट काडीवर लावणे म्हणजे कर्जाचा डोंगर वाळूवर रचणे. मात्र ‘खुंट लावला म्हणजे झाले’ असेही नाही. पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, खुंट ठरवण्याआधी माती आणि पाणी तपासून घ्या. क्षार किती, चुना किती, निचरा कसा, हे कळल्याशिवाय शेजाऱ्याने लावला म्हणून लावू नका. डॉगरिज खारे पाणी आणि ताण सोसतो, पण अंगाने माजतो. नत्र आणि पाणी हाताबाहेर गेले तर नुसता पाला वाढतो, घड कमी येतात. वाढ आटोक्यात हवी असेल तिथे ११० आर चा विचार करा. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून याच कामात आहे, त्याचा सल्ला घ्या.

दुसरी, खुंटाची रोपे खात्रीच्या ठिकाणचीच घ्या. दोन-चार रुपये वाचवायला भेसळीची रोपे आणली, तर चूक कळायला तीन वर्षे लागतात.

तिसरी, कलमाची काडी ज्या वेलीवरून घ्यायची, ती काढणीच्या वेळी चिंधी बांधून ठेवा. दोन हंगाम चांगला घड दिलेल्या निरोगी वेलीचीच काडी घ्या. घरातल्या बायका विरळणीला वेल नि वेल हाताळतात. कोणती वेल खरी कमावती, हे त्यांना विचारा.

चौथी, पाचर कलम ऑगस्टच्या मध्यापासून पुढे, हवेत ओल आणि ऊब असताना, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या खुंटावर, जमिनीपासून फूटभर तरी उंच बांधा. नंतर जोडावर माती चढू देऊ नका. वरच्या काडीने स्वतःची मुळे सोडली की खुंटाचा खर्च पाण्यात. खालून येणारे खुंटाचे फुटवे वेळच्या वेळी काढा.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची. हल्ली परदेशी वाणांचे वेड आहे. कोणी पाहुणा पिशवीत काडी दडवून आणतो आणि आपण हौसेने लावतो. फ्रान्सचे वाटोळे अशाच हौसेतून झाले. परदेशातून रोपे-काड्या आणण्यावर २००३ च्या आदेशाने सरकारी तपासणीचे बंधन आहे, ते आपल्याच बागांच्या राखणीसाठी आहे. तशी काडी कोणी देऊ केली तर हात जोडा आणि नाही म्हणा.

या हंगामात नवी लागण करणार असाल तर माती-पाण्याचा नमुना आधी तपासायला द्या. अहवाल हातात आला की मगच खुंटाची बोली करा. बाग पंधरा वर्षे पोसायची आहे, पंधरा दिवस थांबायला हरकत नाही.

कळावे.