तहाच्या परिशिष्टातील राज्यघटना

अमेरिकेच्या ओहायो प्रांतात डेटन शहराजवळ असलेल्या हवाईदलाच्या तळावर १९९५ च्या नोव्हेंबरात तीन आठवडे जी घासाघीस चालली, तिच्यातून एक तहनामा व त्याची अकरा परिशिष्टे निष्पन्न झाली. आणि त्यांपैकी चौथे परिशिष्ट हीच बॉस्निया-हर्जेगोव्हिना या देशाची राज्यघटना होय, हे सांगितले असता अजूनही पुष्कळ सुशिक्षितांस ते खरे वाटत नाही. फौजा कोठवर मागे घ्यावयाच्या आणि निर्वासितांस घरी कसे पोहोचवावयाचे, या कलमांच्या शेजारी, त्याच दफ्तरात, नागरिकांच्या मूलभूत हक्कांचीही नोंद झाली. अमेरिकेचे मध्यस्थ रिचर्ड होलब्रुक यांनी ज्या तीन राष्ट्राध्यक्षांस तेथे जवळजवळ कोंडून ठेवले होते, त्यांतील मिलोशेविच सर्बियाचे आणि तुजमान क्रोएशियाचे. बॉस्नियाचे म्हणावेत असे एकटे इझेत्बेगोविच. ज्या प्रजेने या घटनेखाली नांदावयाचे, तिचे सार्वमत मात्र कधीच घेण्यात आले नाही.

या परिशिष्टाची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. साडेतीन वर्षांच्या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली होती, देशाची जवळजवळ निम्मी वस्ती परागंदा झाली होती, आणि वाटाघाटींपूर्वी चारच महिने स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांवर पुरुष व मुलगे यांची कत्तल झाली होती. अशा मुलखात बंदुका खाली ठेववील तो कोणताही कागद मोलाचाच, आणि या कागदाने त्या खरोखरच खाली ठेवविल्या. त्याची किंमत म्हणून राज्याची सत्ता तीन जमातींत वाटून द्यावी लागली. राष्ट्राध्यक्षपद एकाचे नव्हे, तिघांचे : एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि अध्यक्षस्थान दर आठ महिन्यांनी फिरते. वरिष्ठ सभागृहात जागा पंधरा, प्रत्येकी पाच. आणि एखादा ठराव आपल्या जमातीच्या मर्मावर घाव घालणारा आहे असे एका गटातील बहुसंख्य सभासदांनी जाहीर केले की, तो बहुधा अडलाच म्हणून समजावे. भाऊबंदांच्या वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याची पाळी ठरावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, विहीर ढासळल्यास कोणी बांधावी, याचेही कलम वाटणीपत्रात सहसा असते.

या व्यवस्थेचा काच कोणास बसतो, हे डॉक्टर इलियाझ पिलाव यांच्या प्रकरणावरून स्पष्ट दिसते. वेढ्यात सापडलेल्या स्रेब्रेनित्सात जखमींवर शस्त्रक्रिया करणारा हा बॉस्नियाक गृहस्थ युद्धानंतर त्याच गावी राहू लागला. पण ते गाव तहान्वये सर्बांच्या प्रजासत्ताकात गेलेले, आणि तेथून राष्ट्राध्यक्षमंडळावर केवळ सर्ब उमेदवारच निवडून जाऊ शकतो; सबब त्यांचा अर्ज फेटाळला गेला, आणि हा भेदभाव आहे असे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हणावयास २०१६ साल उजाडले. तत्पूर्वी, २००९ च्या डिसेंबरात, त्याच न्यायालयाने रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्त्सी यांच्या बाजूने निकाल दिला होता. कारण तिघांपैकी कोणत्याच जमातीचे नसल्याने त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची आणि वरिष्ठ सभागृहाची अशी दोन्ही दारे बंद होती. कौतुकाची गोष्ट अशी की, ज्या युरोपीय मानवी हक्क संधीचा आधार त्यांनी घेतला, तिला इतर सर्व कायद्यांहून श्रेष्ठ ठरविणारे कलमही याच परिशिष्टात आहे! तो निकाल आजतागायत अंमलात आलेला नाही.

जमातवार वाटणी झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. जो पक्ष हातातले शस्त्र टाकतो, त्याला तेवढ्याच बळाची हमी कागदावर हवी असते, आणि ती न देता तह घडवून आणणारा मुत्सद्दी मला ठाऊक नाही. तक्रार एवढीच की, या हमीला मुदत घातली गेली नाही. परिणामी सिद्ध करण्याचे ओझे भलत्याच खांद्यावर पडले : व्यवस्था चालू ठेवू इच्छिणाऱ्याने स्वस्थ बसावे, आणि ती बदलू पाहणाऱ्याने दोन-तृतीयांश मते जमवीत फिरावे. २००६ च्या एप्रिलात एक माफक दुरुस्ती बेचाळीस सभासदांच्या प्रतिनिधिगृहापुढे आली. अनुकूल सव्वीस, प्रतिकूल सोळा, म्हणजे दोन मते कमी पडली आणि दुरुस्ती बारगळली.

मुदत घातल्याने काय होते, ती तर वाढवीतच राहतात, असा आक्षेप येईल, आणि तो घेणारा आपल्याच घटनेच्या ३३४ व्या कलमाकडे बोट दाखवील. १९०९ पासून पोसलेल्या धार्मिक स्वतंत्र मतदारसंघांची कटू फळे पाहिलेल्या आपल्या घटनासमितीने अनुसूचित जाती-जमातींच्या विधिमंडळांतील राखीव जागांना दहा वर्षांचीच मर्यादा घातली होती (नोकऱ्यांतील राखीव जागांशी या कलमाचा काही संबंध नाही, हे वादाच्या भरात नेहमी विसरले जाते), आणि ती मर्यादा प्रत्येक दशकात वाढविण्यात आली. असे असले तरी, दर खेपेस संसदेला उघडपणे मत द्यावे लागले. आणि अँग्लो-इंडियन प्रतिनिधींच्या नामनिर्देशनाच्या बाबतीत ते दिले गेले नाही, तेव्हा ती तरतूद २०२० च्या जानेवारीत संपली. ते योग्य झाले की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण त्या वादाला तारीख होती.

दक्षिण आफ्रिकेने याहून शहाणपणाचा मार्ग धरला. १९९३ ची घटना हंगामी म्हणूनच लिहिली गेली, संयुक्त मंत्रिमंडळाची सक्ती १९९९ पर्यंतच ठेवण्यात आली, आणि कायमच्या घटनेने पाळावयाची चौतीस तत्त्वे आधीच ठरवून, ती पाळली गेली की नाही हे तपासण्याचा अधिकार घटना न्यायालयास दिला गेला. त्या न्यायालयाने १९९६ च्या सप्टेंबरात पहिला मसुदा खरोखरच परत पाठविला. म्हणजे आधी तह, मग घटना, आणि दोहोंमध्ये काही वर्षांचा अवधी, हा क्रम अशक्य नव्हता.

बॉस्नियात तो अवधी मिळाला नाही, आणि वाटणी शाळांपर्यंत उतरली. जमातवार अभ्यासक्रमांमुळे ‘एका छताखाली दोन शाळा’ हा तेथला रूढ शब्दप्रयोग झाला. यायत्से या गावी २०१६ साली बॉस्नियाक मुलांसाठी निराळी माध्यमिक शाळा काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बॉस्नियाक व क्रोएट अशा दोन्ही जमातींचे विद्यार्थी मिळून रस्त्यावर उतरले, आणि पुढल्या वर्षी सरकारला तो बेत सोडावा लागला. ती मुले आता मतदार झाली आहेत. तथापि तिघांपैकी एका जमातीचे नाव लावल्याखेरीज त्यांच्यातील कोणालाही राष्ट्राध्यक्षपदाचा अर्ज भरता येत नाही.