कॉलेजात कळलेलं गावात कधी कळणार?

'प्रसिद्धी' हा शब्द आपल्याकडे जरा बदनामच आहे. कॉलेजची प्रसिद्धी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फ्लेक्स! त्यावर वीस-पंचवीस चेहरे, मधोमध प्रमुख पाहुणे आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'. नाहीतर पेपरातली ती नेहमीची बातमी. अमुक कॉलेजात तमुक कार्यशाळा उत्साहात संपन्न, दीपप्रज्वलन यांच्या हस्ते, सूत्रसंचालन त्यांनी केले, आभार आणखी कोणी मानले. कार्यशाळेत नक्की काय शिकवलं ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. आणि 'नॅक'ची टीम येणार असली की मग तर विचारूच नका. आठवडाभर फोटो शोधा, कात्रणं चिकटवा, फाइली रंगवा. टीम गेली की फाइल कपाटात आणि किल्ली शिपायाकडे.

मोठ्या विद्यापीठांमध्ये जनसंपर्क कक्ष असतो, प्रकाशन विभाग असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा, की कुलगुरूंचे फोटो पेपरात पाठवायला ही माणसं ठेवलेली असतात. माझं म्हणणं असं, की या कक्षाचं खरं काम वेगळंच आहे. प्रत्येक डिपार्टमेंटला जे कळलंय ते बाहेरच्या माणसाला कळेल अशा भाषेत, वेळेवर आणि बिनचूक पोचवायला त्या डिपार्टमेंटला मदत करणं. आणि ही गरज मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांपेक्षा आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या कॉलेजला जास्त आहे.

पटत नसेल तर लांब नको, वेंगुर्ल्यापर्यंत जाऊ या. तिथलं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. पुढे १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि हे केंद्र त्या विद्यापीठाचं झालं. काजूच्या 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या जाती तिथल्याच. नीलम आणि हापूसच्या संकरातून निघालेला 'रत्ना' आंबा तिथलाच (१९८१), आणि रत्ना-हापूसच्या संकरातून आलेला पातळ कोयीचा 'सिंधू'सुद्धा (१९९२). आता गंमत बघा. आपल्या जिल्ह्यात काजूची बाग असलेल्या कुणालाही विचारा, तो 'चार नंबर', 'सात नंबर' असं सहज बोलतो. त्याने रिसर्च पेपर वाचलेला नसतो. रत्नामध्ये साका होत नाही हे त्याला ठाऊक असतं, कारण ते कुणीतरी त्याला त्याच्या भाषेत सांगितलेलं असतं.

हे आपोआप झालं नाही. कृषी विद्यापीठाची कामं तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तारासाठी वेगळं संचालनालय असतं. घडीपत्रिका छापायच्या, मेळावे घ्यायचे, आकाशवाणीवर बोलायचं, बागेत जाऊन दाखवायचं, हे तिथे कुणाच्या तरी नोकरीचाच भाग आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात सापडते. म्हणजे शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्यामध्ये एक दोर बांधलेला आहे.

इंजिनिअरिंगकडे हा दोर नाही. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमचं उलटं आहे. आडात भरपूर आहे हो, पण पोहराच नाही!

मालवणचंच उदाहरण घ्या. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाच्या दिवशी, राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या जागी २०२५ च्या मे महिन्यात नवा पुतळा उभा राहिला. राजकारण जे व्हायचं ते झालं, त्यात मला पडायचं नाही. पण त्या दिवसांत आपल्या बाजारात, एस.टी.त, मच्छीमार्केटात लोक काय बोलत होते ते आठवा. ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याने पडला म्हणतात, हे शक्य आहे का? वेल्डिंग म्हणजे काय? नट-बोल्ट किती दिवसांत गंजतात? हे सगळे आपल्या सिलॅबसमधले प्रश्न. एका दुकानदार काकांनी तर मला थेटच विचारलं, "काय गो, तू इंजिनेरिंगाक आसस मां? मगे सांग बघूया, लोखंडाक इतक्या बेगीन गंज कसो चढलो?" कारण काय हे चौकशी समितीने सांगायचं, विद्यार्थ्यांनी अंदाज बांधू नये हे मला मान्य आहे. पण खाऱ्या हवेत लोखंड का आणि कसं गंजतं, हे दोन पानांत मराठीत लिहून द्यायला कोणत्या समितीची वाट बघायची? तसा एक कागद त्या महिन्यांत माझ्या तरी हाती आला नाही.

पुतळ्याचं सोडा. रोजच्या घरांचं काय? किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांच्या गॅलरीखाली बघा. प्लास्टर फुगलेलं, खाली पडलेलं, आतले गज उघडे आणि लालभडक. याचं कारण आम्ही दुसऱ्या वर्षातच शिकतो. काँक्रीटच्या आत गजावर एक पातळ संरक्षक थर असतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत झिरपलं की तो थर फुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला फोडतो. उपायही पुस्तकात आहे. आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्यावरच्या हवेला 'सिव्हिअर' म्हटलंय, तिथे आर.सी.सी.ला किमान एम-३० काँक्रीट आणि गजावर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. शहरातल्या साध्या खोलीच्या आतल्या भागाला जे २० मिलिमीटर चालतं ते इथे चालत नाही. खाडीतली खारी वाळू न धुता वापरली तर मीठ आपण स्वतःच्या हाताने आत घालतो.

आता प्रश्न असा, की हे कुणाला कळायला हवं? आम्हाला? आम्ही परीक्षेत लिहितो, पाच मार्क घेतो आणि विसरतो. कळायला हवं त्या मिस्त्रीला आणि आयुष्याची पुंजी घालून घर बांधणाऱ्या त्या माणसाला. तो कोड इंग्रजीत आहे. आमच्या नोट्स इंग्रजीत. आमच्या सीनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये, सोनेरी अक्षरांत, लायब्ररीच्या वरच्या फळीवर. त्यांच्यावरची धूळ एवढी जाड आहे की तिचंच कव्हर ४५ मिलिमीटर भरेल!

इथेच प्रसिद्धी-प्रकाशन कक्षाचं काम सुरू होतं. सिव्हिलच्या सरांना स्लॅबमधलं सगळं कळतं, पण घडीपत्रिका कशी लिहायची, कुठे छापायची, पेपरवाल्यांना किती वाजेपर्यंत द्यायची, हे त्यांना का यावं? कक्षातल्या माणसाने त्यांच्यासमोर बसायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. नवीन किंवा उपयोगाचं काय आहे? ते कुणाला हवंय? आणि तुम्हाला त्याची कितपत खात्री आहे? मग त्याने लिहायचं, सरांनी तपासायचं आणि सही करायची. फोटोखाली नावं बरोबर हवीत, आकडे दोनदा ताडून बघायचे, चित्र कुणाचं आहे त्याची परवानगी घ्यायची, जुने अंक जपून ठेवायचे. डिपार्टमेंटचं न्यूजलेटर, सेमिनारची स्मरणिका, हे मॅगझिन, सगळ्याला एक वळण लागतं. दिसायला किरकोळ कामं आहेत, पण ती कुणाचीच नसल्यामुळे होत नाहीत.

त्या तिसऱ्या प्रश्नावर, खात्रीवर, मी मुद्दाम जोर देते, कारण प्रसिद्धी विज्ञानाच्या पुढे धावली की काय होतं ते जगाने बघितलंय. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं, की पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन शास्त्रज्ञांनी साध्या तापमानाला, टेबलावरच्या भांड्यात, अणू-संमीलन घडवलं. शोधनिबंध छापून यायच्या आधीच! जगभर धमाल उडाली. मग इतर प्रयोगशाळांना तसा निकाल मिळेना आणि नाचक्की झाली ती झालीच. २०१४ साली कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकं तपासली. सुमारे ४० टक्के पत्रकांत लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला होता. आपण सगळं खापर पत्रकारांवर फोडतो, पण फुगवायला सुरुवात अनेकदा विद्यापीठातच होते. म्हणून हा कक्ष नुसता ढोल वाजवणारा नको, "सर, हे इतकं ठामपणे म्हणता येईल का?" असं विचारणारा हवा.

आता भाषेचं. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'करोजन' या विषयावर मी इंग्रजीत दोन पानं लिहीन, मराठीत लिहायला बसले की पेन थांबतं. आमच्यापैकी अर्ध्यांचं असंच आहे. पण मराठीत शब्द नाहीत ही सबब मला पटत नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने स्थापत्य, यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकीचे परिभाषा कोश काढलेत. शिवाय प्रत्येक शब्द कोशातलाच हवा असंही नाही. मिस्त्री 'कव्हर', 'सळी', 'सेंटरिंग' म्हणतो ना? मग तेच लिहा. माझी आजी 'खारं वारं लागलं' म्हणते, त्यात क्लोराइडची अर्धी गोष्ट आलीच की.

आणि भाषेचा हा पूल बांधणारा पहिला माणूस तर आपल्याच जिल्ह्यातला. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयाचे होते. त्या पत्रात एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी असे. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले आणि १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू करून त्यातून भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठीत आणले. वर्गात शिकवणारा माणूसच वर्गाबाहेरच्यांसाठी लिहीत होता! आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन म्हणून हार घालतो. त्यापेक्षा त्यांचं काम थोडं पुढे नेलं तर?

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, स्टाफला वेळ कुठे आहे? लेक्चर, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, वर नॅक. अगदी खरं. म्हणूनच तर कक्ष हवा. सरांनी अर्धा तास बोलायचं, बाकीची धावपळ दुसऱ्यांनी करायची. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. उद्या आपली घडीपत्रिका वाचून कुणी घर बांधलं आणि काही बिघडलं तर कॉलेजच्या नावाचं काय? याचं उत्तर असं, की घडीपत्रिका म्हणजे डिझाइन नव्हे. कोड काय म्हणतो, कोणत्या चुका टाळायच्या आणि कुठल्या वेळी इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच त्यात असेल. खाली डिपार्टमेंटची सही आणि तारीख. गप्प बसून नाव सुरक्षित राहतं हे खरं, पण गज काही गंजायचे थांबत नाहीत.

सुरुवात मोठी नको. एक खोली, त्यातलं एक जुनं कॉम्प्युटर चालेल. ज्यांना लिहायची आवड आहे असे एक सर किंवा मॅडम, त्यांचा थोडा लोड कमी करून. प्रत्येक ब्रँचचा एक विद्यार्थी. वर्षाला चारच घडीपत्रिका. सिव्हिलची किनाऱ्यावरच्या स्लॅबवर. मेकॅनिकलची होडीच्या आउटबोर्ड इंजिनवर, खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने ते कसं आणि का धुवायचं. इलेक्ट्रिकलची पावसाळ्यातल्या अर्थिंगवर. कॉम्प्युटरची मोबाइलवरच्या पैशांच्या फसवणुकीवर. ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी, हार्डवेअरची दुकानं आणि एस.टी. स्टँड, एवढ्या ठिकाणी त्या ठेवायच्या, आणि जिल्ह्यातल्या पेपरांना व आकाशवाणी रत्नागिरीला एकेक प्रत द्यायची. एका मोठ्या फ्लेक्सच्या पैशात किती झेरॉक्स निघतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मराठी शुद्धलेखन तपासायला होस्टेलमध्ये माणसं कमी नाहीत. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेले आमचे मित्र इंग्रजी व्हायवाला घाबरतात आणि स्वतःला कमी समजतात. या कामात मात्र ते आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचे गुरू होतील. आम्ही कोड वाचून दाखवू, ते मराठी सांगतील.

प्राचार्य सर आणि सर्व एच.ओ.डी. सरांना माझी नम्र विनंती आहे, की पुढच्या टर्मच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा. स्लॅबच्या घडीपत्रिकेचा कच्चा मजकूर आम्ही तिघीजणी सुट्टीत लिहून ठेवतो. सिव्हिलच्या सरांनी तो फक्त लाल पेनाने तपासून द्यावा. पाऊस उघडला की गावागावांत बांधकामं सुरू होतात. त्याआधी तो कागद छापून व्हायला हवा.