घर विकताय? टक्के नको, आधी कामं मोजा

घर विकायचं ठरलं की पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा दलालीचा. ओळखीचा एजंट एक ते दोन टक्के मागतो. मोबाईलवर मात्र 'दलाली शून्य' अशी जाहिरात दिसते. तिथे काही हजारांची ठरावीक फी भरली की घराचे फोटो झळकतात आणि फोन यायला लागतात. मग जायचं कुणाकडे?

आधी हिशोब मांडू. समजा, फ्लॅट ८० लाखांचा आहे. दोन टक्के दलाली झाली १,६०,००० रुपये. एजंट जीएसटी-नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २८,८००. एकूण १,८८,८०० रुपये. ऑनलाइन कंपनीची फी २५,००० धरली, तर वाचले १,६३,८००. रक्कम छोटी नाही. पण घासाघिशीत कंटाळून तुम्ही ८० ऐवजी ७८ लाखांना हो म्हणालात, तर वाचवलेलं सगळं गेलं आणि वर ३६,२०० रुपये पदरचे गेले.

याचा अर्थ महागडा एजंट आपल्यासाठी शेवटच्या रुपयापर्यंत भांडेल, असाही नाही. किंमत एक लाखाने वाढली तर त्याला जास्तीचे मिळतात फक्त २,०००. त्यासाठी सौदा महिनाभर लांबवणं त्याला परवडत नाही. शिवाय अनेक एजंट विकणारा आणि घेणारा, दोघांकडूनही दलाली घेतात. मग बोलणी होताना तो कुणाच्या बाजूने असणार? हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यात संकोच कसला?

ही सहा कामं कोण करणार?

एका कागदावर लिहा:

१. आजूबाजूच्या ताज्या व्यवहारांवरून भाव ठरवणं
२. फोन घेणं आणि घर दाखवणं
३. ग्राहकाकडे खरंच पैसे किंवा कर्जाची मंजुरी आहे का, हे पाहणं
४. किमतीची बोलणी करणं
५. सोसायटीचं ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, जुनी करारपत्रं गोळा करणं
६. साठेखत ते खरेदीखताची नोंदणी, यासाठी धावपळ करणं

आता प्रत्येक कामापुढे घरातल्या कुणाचं तरी नाव लिहून पाहा.

तुम्ही त्याच शहरात राहता, कर्ज फिटलेलं आहे, कागद पूर्ण आहेत आणि सोसायटीतले दोन फ्लॅट नुकतेच कितीला गेले हे ठाऊक आहे? मग बहुतेक जागी नाव लिहिता येईल. तुम्हाला ठरावीक फीची सेवा पुरेशी आहे.

पण आई-वडिलांचं घर नागपूरला आणि तुम्ही इंदूरला किंवा बेंगळुरूला असाल, तर दर रविवारी कुलूप उघडायला कोण जाणार? किंवा त्या घरात आई एकटीच राहत असेल, तर रोज अनोळखी माणसांना तिने दार उघडावं का? अशा वेळी दोन टक्के हा त्या धावपळीचा आणि सुरक्षिततेचा मोबदला असतो. वारसांची नावं लागलेली नसतील, तर मात्र दोघांच्याही आधी वकिलाकडे जा. ते काम दलालाचं नाही.

मधला मार्गही आहे. जाहिरात तुम्ही करा, घर दाखवणं आणि बोलणी एजंटाकडे द्या, आणि दलाली कमी करून घ्या. दलालीचा दर बोलून ठरवता येतो.

हो म्हणण्याआधी लिहून घ्या

एजंटाकडून: दर किती, जीएसटी धरून की वेगळा? फक्त त्याच्याचमार्फत विकायचं बंधन आहे का, आणि किती महिने? ग्राहक तुम्हीच शोधला तर काय? दलाली विसारालाच सगळी देऊ नका. थोडी साठेखताच्या वेळी, उरलेली खरेदीखताच्या नोंदणीनंतर द्या.

ऑनलाइन कंपनीकडून: फी आधी भरावी लागते. घर विकलं गेलं नाही तर ती परत मिळते का? योजना किती दिवसांची? फीमध्ये यादीतली नेमकी कोणती कामं येतात?

कुठलाही मार्ग निवडलात तरी काही गोष्टी तुमच्याच हातात ठेवा. करारनामा आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. विसार म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. कायद्याने ते चालत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते तपासा. आणि दलालीची पावती जपून ठेवा. भांडवली नफा मोजताना ती रक्कम खर्च म्हणून वजा करता येते.

सहापैकी चार-पाच कामांपुढे घरातलं नाव आलं, तर ठरावीक फी भरा आणि निर्धास्त राहा. दोन-तीनच आली, तर चांगला एजंट शोधा. मात्र उरलेली कामं तो खरंच करतो की नाही, ते याच कागदावर खूण करत तपासत राहा.